गच्चीवर चार बोटं पाणी

पाऊस अडवायचा तर आधी
आपणच पाणी चढवावं लागतं गच्चीवर.
मालकांना हे कधी पटत नाही.
उम्म सैफलाही पटलं नाही:
"बाराशे दिरहम घेऊन तू माझं घर बुडवणार?"
हो, म्हटलं. चार बोटं. दोन दिवस.

रास अल खैमा, नोव्हेंबर संपत आलेला,
डोंगरावर ढग अजून नुसते चौकशीला येतात.
टेकबहादुरने मोरीच्या तोंडातून उपसलं
कबुतराचं घरटं, खजुराच्या बिया, लहान मुलाची एक चप्पल
आणि वर्षभराची वाळू, मोजून सात घमेली.
मग त्याच मोरीत गोणपाटाचा बोळा कोंबला
आणि टँकरवाल्याला हाक दिली.

कठड्यावर पेन्सिलीची रेघ, खाली तारीख, वेळ.
शेजारी पाण्याने भरलेली परात,
ऊन किती पितं ते कळायला.
यापुढे नुसतं थांबायचं.

वाळवंटातल्या घराच्या डोक्यावर तळं!
तासाभरात बुलबुल आले,
संध्याकाळी कुठून तरी एक चतुर.
त्याला कोणी सांगितलं, देव जाणे.

मी खाली, उताणा, टॉर्च घेऊन.
चोवीस वर्षं लोकांची छतं वाचतोय:
लोणा धरलेला कोपरा, फुगलेला गिलावा,
केसाएवढी भेग, विचारल्याशिवाय न बोलणारी.
शफीकुल म्हणतो, पाणी खोटारडं असतं मिस्त्री,
टिपकतं इथे, शिरलेलं असतं तिथे.

पलंगाच्या बरोब्बर वर एक डाग होता,
कोऱ्या चहाच्या रंगाचा, कडेला गडद.
"रंगाऱ्याला सांगतो," मी म्हटलं, "दोन हात मारले की गेला."
गहवा ओतता ओतता ती थांबली.
"गळती बंद कर. डागाला हात लावायचा नाही."

गेल्या जानेवारीत, एका रात्रीच्या पावसात
तो उमटला. खाली नवरा आजारी,
पलंग सरकवायला घरात चार हात नाहीत.
बादल्या, पातेली, सैफचा लहानपणचा टब.
आणि तीन दिवस न बोललेला तो
वर बघून म्हणाला,
शीड बघ. वारा भरलाय.

तरुणपणी गलबतावर होता.
खजूर न्यायचा, कौलं आणायचा.
"तुमच्याकडची," ती म्हणाली. "लाल."

मी परत वर बघितलं.
मला काही शीड दिसलं नाही.
मला दिसला एसीच्या पाइपाभोवतीचा फुटका सिमेंट,
शिडाचं टोक असावं तिथे.

दोन दिवसांनी परातीतलं पाणी पाव बोट उतरलेलं,
गच्चीवरचं एक बोट.
पाव बोट उन्हाचं,
बुलबुलांनी घेतलं ते हिशेबात धरायचं नाही,
उरलेलं पाइपाचं.
तोडलं, वाटा नव्याने भरला, जाळी, डांबरी पट्टा,
परत बोळा, परत टँकर, परत दोन दिवस.
डाग कोरडा ठणठणीत.
रंगाऱ्याने कूस बदलावी तसा ब्रश वळवला
डागाच्या कडेकडेने,
आणि माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडा.

बोळा मी स्वतः काढला.
तळं गडगडत गल्लीत उतरलं.
चतुर थोडा वेळ कोरड्यावर घिरट्या घालत राहिला.

पाऊस आला जानेवारीत, रात्री दोनला.
कॅम्पातल्या वरच्या बंकवर जागा राहून
मी एकेक गच्ची मोजत होतो,
मशिदीमागची, बेकरीची, उम्म सैफची.
सकाळी तिच्या ड्रायव्हरचा आवाज फोनवर:
"मिस्त्री, मोया माफी."

म्हणजे पाणी नाही. एवढंच.
इतकी वर्षं ऐकतोय, तरी माझे कान
दर वेळी आधी मराठीत ऐकतात:
पाण्याला माफी.

शफीकुलला उठवलं.
दुसरा फोन वाजत होता, शाळेचा.
तिथली मोरी उपसायची राहून गेली होती.